कांद्याची गोणी आणि पापलेट

नाशिकमध्ये प्राणिशास्त्र शिकवायचं म्हणजे समुद्र बर्फात घालून मागवायचा. मुंबईचा माल रात्री कसारा घाट चढतो आणि पहाटे आमच्या बाजारात उतरतो. मी माळकरी घरातली, घरी मासा शिजत नाही. पण प्रॅक्टिकलच्या दिवशी साडेसहालाच थर्माकोलच्या पेट्यांपाशी हजर असते.

त्या दिवशी मोठं पापलेट परवडणारं नव्हतं. नेहमीच्या मावशींनी तळहाताएवढ्यांचा ढीग पुढे सरकवला. "मॅडम, पोरांना कापायचीच आहेत ना? मग ही घ्या." चोवीस घेतली.

वर्गात फळ्यावर लिहिलं: १३५ मिलिमीटर. पापलेट आपला राज्य मासा, २०२३ साली जाहीर झाला. राज्यात त्याचा किमान कायदेशीर आकार १३५ मिलिमीटर आहे, त्याहून लहान धरायचा नाही. मुलांनी पट्ट्या लावल्या. शेपटीच्या टोकापर्यंत मोजूनही चोवीसपैकी तीनच त्या रेघेपलीकडे गेली. वर्ग गप्प झाला. मीही. विकत तर मीच आणली होती.

मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, समुद्र तापतोय म्हणून ही खुजी राहिली असतील का?"

प्रश्न बिनबुडाचा नव्हता. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि नेमकी तेव्हाच माशाची भूक आणि श्वासाची गरज वाढते. अशा पाण्यात पुष्कळ जाती लहान आकारातच वयात येतात. तारली हा छोटा मासा एके काळी मुख्यतः केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्याचा, तो आता महाराष्ट्र-गुजरातपर्यंत पसरला आहे. वरच्या थरात फिरणारा बांगडा तळाशी ओढल्या जाणाऱ्या जाळ्यांत पूर्वीपेक्षा जास्त सापडतो. वरचं पाणी तापलं की तो खाली उतरत असावा.

पण खुजा की कोवळा, हे अंदाजाने कशाला ठरवायचं? पोटं उघडली. खुजं पण वयात आलेलं पापलेट असतं, तर कुठेतरी गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, दिसायला हवी होती. दिसले ते दोऱ्याएवढे बारीक अंडाशय. एका हंगामातल्या एका ढिगावरून समुद्राचा निकाल लावता येत नाही, पण आमच्या ट्रेमध्ये बहुतेक पिल्लंच होती. डोक्यातून कानखडे, म्हणजे माशाच्या कानातले बारीक खडे, काढून कुप्यांत ठेवले. त्यांवरच्या वलयांवरून वय कळतं. पण ती वलयं वाचायला खडे घासायचं यंत्र लागतं, ते आमच्याकडे नाही.

"मग लहान निघालं की परत सोडत का नाहीत?" एकीने विचारलं. ट्रॉलच्या, म्हणजे तळाशी ओढायच्या जाळ्याच्या, शेवटच्या पिशवीत दाबून वर येईपर्यंत ते बहुतेक मेलेलं असतं, म्हणून ते आतच निसटायला हवं. त्यासाठीच त्या पिशवीला ४० मिलिमीटरची चौकोनी आस, म्हणजे जाळ्याचं भोक, सांगितलेली आहे. चौकोनीच का, हे मला फळ्यावर नीट काढता येईना.

लासलगावकडचा एक मुलगा उठला. त्याने डब्याच्या पिशवीतून कांद्याची जाळीची गोणी काढली, त्यात त्याची चप्पल होती! धाग्यांच्या दिशेने सरळ ताणली तर भोकं उघडीच राहिली. मग कोपऱ्यांतून तिरपी ओढली, तर भोकं मिटून गेली. "शंकरपाळ्यासारखी आस बोट ओढायला लागली की अशी बंद होत असणार. भोक कितीही मोठं सांगा, उपयोग काय?"

वीस वर्षं शिकवतेय, पण यापेक्षा नीट मला सांगता आलं नव्हतं. तीन-चार जणांनी पेन्सिली घालून पुन्हा ताणून पाहिलं.

दुसऱ्या आठवड्यात तो गोणीचा तुकडा घेऊन मावशींकडे गेले. त्यांनी दोन्ही बाजूंनी ओढून पाहिला. "हे दर्यावरच्यांना दाखवा. माझ्याकडे येतो तेव्हा तो बर्फातच असतो." मग ढिगावर पाणी मारत म्हणाल्या, "आणि लहान ठेवलं नाही, तर तुमच्यासारखी गिऱ्हाइकं कुठं जायची?"

त्या वेळी एकच मोठं घेतलं. वर्गाला चार गट करून तेवढ्यात भागवावं लागलं.