वॉलआय गरवायला गेलो, त्याची गोष्ट

अमेरिकेतल्या मिनेसोटात वॉलआय या गोड्या पाण्यातल्या माशाचा हंगाम मे महिन्याच्या मध्यावर एका शनिवारी सुरू होतो, तोही मध्यरात्रीच्या ठोक्याला. वाचून हसायला आलं होतं. रात्री बारा वाजता तळ्यावर कोण कडमडायला जातंय?

जायचं ठरलं जानेवारीत. पहिल्या वीकेंडच्या केबिन लोक वर्षभर आधी धरून ठेवतात, म्हणून आम्ही पुढचा आठवडा घेतला. तळं लीच लेक, मिनियापोलिसहून गाडीने तीन-साडेतीन तास. बोट ऑफिसातल्या मित्राची. शिकागोहून साडू येणार होते. त्यांचा मासेमारीचा परवाना परराज्यातल्या माणसाचा, म्हणून महाग. नियमपुस्तिका मात्र मन लावून वाचली. किती मासे ठेवायचे, कोणत्या लांबीचे परत सोडायचे, हे तळ्यागणिक वेगळं. बोट रस्त्यावरून नेताना तिच्या बुडाचा बूच काढलेला हवा, नाहीतर आत साचलेल्या पाण्यातून झेब्रा शिंपले, म्हणजे बाहेरून आलेले उपद्रवी शिंपले, एका तळ्यातून दुसऱ्यात पसरतात. तो आम्ही इमानदारीत काढला आणि पाण्यात उतरताना लावायला विसरलो. साडूंचे मोजे भिजले तेव्हा कळलं. मेमध्ये तिथलं पाणी किती गार असतं, ते त्यांनाच विचारा.

शनिवारी पोहे खाऊन दहाला निघालो. लखलखीत ऊन, वाऱ्याच्या आडोशाची शांत खाडी. पाच तासांत एक मासा नाही.

आमिषाच्या दुकानातल्या म्हाताऱ्याने आमचा कार्यक्रम ऐकून घेतला आणि म्हणाला, जागा तुमच्या सोयीची निवडलीत, माशाच्या नाही. वॉलआयच्या डोळ्यामागे उजेड परतवणारा थर असतो. त्यामुळे अंधुक उजेडात त्याला दिसतं, त्याच्या भक्ष्याला नाही. म्हणून तो सूर्य कलल्यावर खातो. किंवा वारा पाणी ढवळून उजेड मोडतो, तिथे दिवसाही.

सोमवारची रजा होती म्हणून बरं. रविवारी संध्याकाळी लाटा आपटत होत्या त्याच किनाऱ्याला, आठेक फूट पाण्यात गेलो. 1/8 औंसाची जिग, म्हणजे शिशाचं डोकं असलेली गरी, आणि तिला शायनर नावाचा बोटभर जिवंत मासा. गरी तळाला टेकवायची, जरा उचलायची, पुन्हा टेकवायची. अंधार पडेपर्यंत ठेवण्याजोगे तीन मिळाले.

टॉर्चमध्ये डोळे निखाऱ्यासारखे चमकले. फोटो अलिबागला आईला पाठवला. तिचा लगेच फोन, "अरे, जिताड्याचे डोळे असेच चमकतात! डोकी टाकू नकोस हां."

मित्र फिले, म्हणजे बिनकाट्याचे तुकडे, काढून डोकी कचऱ्यात टाकणार, तेवढ्यात अडवलं. केबिनमध्ये कोकम नव्हतं, लिंबावर भागवलं. रस्सा उकळत असताना तो दाराशी उभा राहून म्हणाला, "ते डोळे माझ्याकडे बघतायत." साडूंनी त्याच्या ताटात तेच डोकं वाढलं.