मेन बंद, तरी भिंत चरचरतेय : माझा अनुभव

घराचं मेन स्विच बंद केलं तरी भिंतीतून विजेचा आवाज येऊ शकतो. हे सुरुवातीलाच लिहिते आहे, कारण मला भेटलेल्या जवळजवळ प्रत्येकानं ते मानायला नकार दिला, आणि तेवढ्या काळात आमच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीत वायरीचा एक जॉइंट जळत राहिला.

आमची इमारत कोथरूडमधली, १९८० च्या दशकातली. झोपायच्या खोलीची एक भिंत शेजारच्या फ्लॅटला लागून आहे, पलीकडे त्यांची बाथरूम. पावसाळा सरता सरता त्या भिंतीतून, हात उंच केला की पोचेल अशा जागी, आवाज यायला लागला. बारीक चर्रर्र, मधेच टिक्, पुन्हा चर्रर्र. काही मिनिटं चालायचा आणि एकदम थांबायचा. पहाटे सहाच्या सुमाराला हमखास, पण रात्री दोन-तीनलाही थोडा वेळ. दिवसा जवळजवळ ऐकू यायचाच नाही.

घरातल्या घरात शोधायचं काम सोपं होतं. पंख्याचा रेग्युलेटर, इन्व्हर्टर, फ्रिज, बेलचा ट्रान्सफॉर्मर, एकेक बंद करून बघितलं. पाण्याची मोटर चालते तेव्हा आवाज नसायचा. मग डीबीतले (घरातल्या विजेच्या मुख्य पेटीतले) एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच, एकेक करून खाली पाडले आणि शेवटी मेनच बंद केलं. आवाज चालूच. तुमच्या घरी असं काही होत असेल तर ही चाचणी सगळ्यात आधी करा, आणि आवाज चालू असतानाच करा. मेन पाडल्याबरोबर आवाज थांबला तर दोष तुमच्या वायरिंगमध्ये किंवा एखाद्या उपकरणात आहे. इन्व्हर्टरही बंद करून नाही थांबला तर दोष पाण्याच्या पाइपात असेल, एखाद्या प्राण्याचा असेल, किंवा तुमच्या भिंतीत दुसऱ्या कुणाची वायर असेल.

ही शेवटची शक्यता कुणीही मनावर घेईना, आणि इथेच सगळं अडलं.

पहिला वायरमन आला तो दुपारी बारा वाजता. आवाज नव्हता. त्यानं टेस्टर दोन-तीन सॉकेटमध्ये घातला, मेन बंद करून पुन्हा घातला आणि म्हणाला, "काकू, तुमचं मेन बंद असताना आवाज येतो म्हणता ना? मग तो विजेचा नाहीच. पाल असेल." मी म्हटलं, पाल रोज पहाटे सहाला ठरल्यासारखी येत नाही. त्यावर तो माझ्या यजमानांकडे वळून बोलायला लागला. दुसरा आला त्यानं सांगितलं, "शॉर्ट असता तर एमसीबी पडला असता." तिसऱ्याला मी पहाटे यायची विनंती केली, जास्त पैसे देते म्हणाले. तो कबूल झाला आणि फिरकला नाही. सोसायटीच्या नेहमीच्या वायरमननं तर फोनवरच निकाल दिला: जुनी बिल्डिंग आहे, सवय होईल.

यातली दोन वाक्यं मी इतक्या वेळा ऐकली की त्यांचं उत्तर नीट लिहून ठेवते.

"एमसीबी पडला असता" हे खरं नाही. एमसीबी पडतो तो ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त करंट वाहिला किंवा फेज आणि न्यूट्रल (करंट आणणारी आणि परत नेणारी वायर) थेट भिडले तर. ढिल्या जॉइंटमध्ये यातलं काहीच होत नाही. उलट तिथे अडथळा वाढतो, त्यामुळे करंट किंचित कमीच होतो. ईएलसीबी हा दुसरा सुरक्षा स्विच बघतो ती गळती. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही, घरगुती ईएलसीबीच्या बाबतीत साधारण ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की तो पडतो. ढिल्या जॉइंटमधून गेलेला करंट पूर्णच परत येतो. म्हणजे जॉइंट तापून आजूबाजूचं प्लास्टिक वितळेपर्यंत दोघंही गप्प बसू शकतात.

"मेन बंद म्हणजे भिंतीत वीज नाही" हे त्याहून धोक्याचं. तुमचं मेन फक्त तुमच्या मीटरवरच्या वायरी तोडतं. दोन फ्लॅटमधल्या साडेचार इंची भिंतीत पलीकडच्यांनी झिरी मारून वायरीचा पाइप टाकला असेल, तर ती वायर तुमच्या प्लास्टरपासून बोटभर अंतरावर असते आणि तुमच्या मेनला ती बधत नाही. याच भिंतीवर त्याच उंचीला आम्ही घड्याळ लावणार होतो. सुतार मेन बंद करून निर्धास्त ड्रिल चालवणार होता. सामायिक भिंतीत ड्रिल मारायचं असेल तर पलीकडच्यांचंही मेन बंद करून घ्या.

मी सोसायटीकडे गेले. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, फ्लॅटच्या आतली बाब आहे, सोसायटीचा संबंध नाही." आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, फ्लॅटच्या मेन स्विचपर्यंतची लाइन सोसायटीची, पुढची सदस्याची, इतकं मलाही माहीत होतं. पण जी वायर माझ्या भिंतीत असून माझी नाही, तिच्याबद्दल कुणाशी बोलायचं, यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. लेखी अर्ज द्या म्हणाले. दिला, तर पोच द्यायला टाळाटाळ. कमिटीची बैठक महिन्यातून एकदा. त्या बैठकीत पार्किंगवर भांडण झालं आणि माझा अर्ज पुढच्या बैठकीवर गेला. आग लागली असती तर ती पुढच्या बैठकीपर्यंत थांबली असती का, हे मी त्यांना तोंडावर विचारलं, आणि विचारलं याचं मला आजही बरं वाटतं. अर्ज दिलात तर दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसमधून उठू नका.

शेजारच्या फ्लॅटचे मालक दुसऱ्या शहरात राहतात. फोनवर म्हणाले, "ताई, माझ्या घरात काहीच आवाज नाही, आणि आत्ताच टाइल्स बसवल्यात, भिंत फोडू देणार नाही." त्यांच्या बाजूला आवाज जाणवत नव्हता हे खरंच होतं. तिथे टाइल्सचा जाड थर, वर नळाचा आणि एक्झॉस्ट फॅनचा आवाज. माझ्या बाजूला नुसतं प्लास्टर आणि रात्रीची शांतता.

मग ठरवलं की आता कुणालाही "आवाज येतो" असं सांगायचं नाही, पुरावा दाखवायचा. एका वहीत वेळा लिहायला लागले, कधी सुरू, कधी बंद. फोनवर रेकॉर्डिंग करून बघितलं, पण फोन हातात धरला तर नुसती खरखर येते. त्याची माइककडची कड भिंतीला घट्ट टेकवली तेव्हा कुठे आवाज सापडला.

खरा उपयोग झाला तो माझ्या वडिलांच्या जुन्या ट्रान्झिस्टरचा. ठिणगी उडते तिथे रेडिओलहरीही निर्माण होतात, आणि मीडियम वेव्हवर त्या स्पष्ट ऐकू येतात. एफएमवर असा गोंगाट बराचसा गाळला जातो, म्हणून रेडिओ मीडियम वेव्हचाच हवा. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर लागतं. तिथून काटा थोडा सरकवला आणि रिकाम्या जागी ठेवला. पहाटे भिंतीत चर्रर्र सुरू झालं की रेडिओतही त्याच ठेक्यात खरखर. भिंतीजवळ नेला की वाढायची, हॉलमध्ये नेला की कमी व्हायची. मेन बंदच होतं. ज्या जागी खरखर सगळ्यात मोठी, तिथे पेन्सिलनं खूण केली आणि तळहाताची मागची बाजू टेकवली. भिंत कोमट होती. बाकी भिंत गार.

पाल भिंत कोमट करत नाही.

वहीतल्या वेळा बघताना दुसरी गोष्ट लक्षात आली. काही मिनिटं चालू, मग बराच वेळ बंद, पुन्हा थोडा वेळ चालू, हे वागणं साठवणीच्या गिझरचं आहे. पाणी तापलं की थर्मोस्टॅट बंद करतो, निवलं की पुन्हा सुरू करतो. स्विच रात्रभर चालू राहिला तर मध्यरात्रीही अधूनमधून तो सुरू होतो. शेजारी भाड्यानं राहणारी दोन मुलं शिफ्टमध्ये काम करतात. रात्री अकराला त्यांची बेल वाजवली. "काकू, गिझर आम्ही बंदच करत नाही, कधीही अंघोळ लागते," असं त्यातला एक अगदी सहज म्हणाला. आवाज सुरू झाल्यावर त्याला फोन केला: आता बंद कर. बंद. आवाज त्याच क्षणी थांबला. चालू कर. लगेच चर्रर्र. असं पुन्हा पुन्हा करून बघितलं, मग तो स्वतः आमच्या खोलीत येऊन कान लावून उभा राहिला आणि घाबरला. त्या रात्रीपासून त्यांनी गिझरचा एमसीबी पाडून ठेवला आणि गॅसवर पाणी तापवायला लागले. या पोरांनी सोसायटीपेक्षा लवकर ऐकलं.

मालक तरीही तयार होईनात. गिझर बदलून देतो म्हणाले. गिझर बदलून भिंतीतला जॉइंट घट्ट होत नाही.

शेवटी ओळखीतून एक परवानाधारक विद्युत ठेकेदार मिळाले, वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी पाल हा शब्द उच्चारला नाही. मुलांच्या परवानगीनं त्यांच्या घरी गेले, गिझर चालू करून क्लॅम्प मीटर (वायर न तोडता करंट मोजणारा चिमटा) लावला: ८ अँपिअरच्या थोडं वर. २ किलोवॅटच्या गिझरला हे योग्यच. मग व्होल्टेज मोजलं. डीबीवर २२८, गिझरच्या सॉकेटवर २१७. मधे ११ व्होल्ट गायब. त्यांनी वहीच्या कागदावर हिशोब करून दाखवला. जुन्या बारीक वायरीत चारेक व्होल्ट जातील असं धरलं तरी सात उरतात, सात गुणिले आठ म्हणजे ५६ वॅट. भिंतीत, प्लास्टरच्या आड, जुन्या साठ वॅटच्या बल्बइतकी उष्णता. हे सगळं त्यांनी सही-शिक्क्यानिशी लेटरहेडवर लिहून दिलं. तो कागद मालकांना व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि संध्याकाळच्या आत त्यांचा फोन आला. इतके दिवस माझं बोलणं ज्यांच्या कानावरून जात होतं, ते दोन आकड्यांवर हलले. म्हणून वायरमन बोलावताना फोनवरच विचारा, क्लॅम्प मीटर आणि मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) आहे का. नुसता टेस्टर घेऊन येणाऱ्याला असला दोष सापडत नाही.

टाइल्सना हात न लावता भिंत माझ्या बाजूनं फोडायची, असं ठरलं. त्यांचं मेन बंद, आमचं बंद, आणि तरीही उघड्या वायरीवर आधी मीटर लावून मगच हात. पेन्सिलच्या खुणेपासून वीतभर अंतरावर प्लास्टरखाली गाडलेला जंक्शन बॉक्स निघाला. मूळची वायर अॅल्युमिनियमची, त्या काळात घरोघरी असायची. नंतर कुणीतरी गिझरसाठी तांब्याची वायर तिला नुसती पिळून टेप गुंडाळली होती. अॅल्युमिनियम आणि तांबं गरम झाल्यावर सारखं फुगत नाहीत. वर अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो, तो वीज नीट वाहू देत नाही. गिझर जितक्या वेळा चालू-बंद, तितका जोड ढिला. टेपचा कोळसा झाला होता, पाइपाचं तोंड वितळून वाकलं होतं.

जुनी लाइन दोन्ही टोकांना तोडून टाकली. डीबीपासून गिझरपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची अखंड वायर, मधे एकही जॉइंट नाही, बाहेरून पट्टीत. वायर आणि मजुरी मालकांनी दिली, प्लास्टर आणि रंग आम्ही केला. जॉइंट काढताना तो तुकडा वायरमनकडून मागून घ्या, फेकू देऊ नका. मी तो पिशवीत घालून पुढच्या कमिटीच्या बैठकीला नेला आणि टेबलावर ठेवला. आमच्या खालच्या तिन्ही मजल्यांवर याच भिंतीला याच जागी बाथरूम आहेत, गिझरच्या लाइनीही त्याच काळातल्या. या वेळी माझा विषय पार्किंगच्या आधी आला, आणि तिन्ही घरांत व्होल्टेज मोजून घ्यायचं काम त्याच ठेकेदारांना दिलं आहे.