उजवी बाहुली आणि तेरा क्रेडिट

आमच्या मिरजेच्या मेडिकलच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी जहाजाच्या डेकवरचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘कॉन्फरन्सला आलेय.’ दोन मिनिटांत सांगलीहून प्रश्न: ‘कुठल्या कंपनीनं नेलंय?’ विचारणाऱ्याचं चुकलं असं नाही. औषध कंपन्यांच्या पैशानं प्रवास करायला भारतातल्या डॉक्टरांना २००९ पासून मनाई आहे आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं कंपन्यांना अशा खर्चावर करसवलतही नाकारली. तरी कॉन्फरन्स म्हटलं की अजून तोच वास येतो. मी लिहिलं, ‘स्वतःच्या पैशानं.’ त्यावर सतरा जणांनी हसणारे चेहरे टाकले.

मी मिशिगनमध्ये फॅमिली प्रॅक्टिस करते, दवाखाना माझाच. लायसन्स टिकवायचं तर तीन वर्षांत १५० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. त्यातले बरेच तास मी ओट्यावर लॅपटॉप ठेवून, एक कान कुकरच्या शिट्टीकडे देऊन भरलेत. यंदा म्हटलं, नीट बसून ऐकू. सिअ‍ॅटलहून अलास्का, सात रात्री, चौदा क्रेडिट, म्हणजे शिक्षणाचे चौदा तास. कॉन्फरन्सची फी वेगळी, केबिनचे पैसे वेगळे.

टॅक्स बघणाऱ्या आमच्या गृहस्थांना विचारलं, हा खर्च धंद्यात दाखवता येईल ना? ते आधी हसले, मग कायदा सांगितला. जहाजावरच्या परिषदेचा खर्च दाखवायचा तर जहाज अमेरिकेत नोंदलेलं हवं, वाटेतलं प्रत्येक बंदर अमेरिकेचं हवं, आणि एवढं जमलं तरी वर्षाला जास्तीत जास्त २००० डॉलर. आमच्या जहाजाच्या पाठीवर ठळक अक्षरांत ‘नॅसॉ’ लिहिलेलं, म्हणजे नोंदणी बहामाजची. शिवाय परदेशी जहाजानं अमेरिकेतल्या अमेरिकेत प्रवासी फिरवायचे नाहीत असा १८८६ चा कायदा आहे, म्हणून वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबा घ्यावा लागतो. थोडक्यात, एक कायदा पाळायला घेतलेला थांबा दुसऱ्या कायद्याची अट मोडतो. मी नाद सोडला.

व्याख्यानं कराओके लाउंजमध्ये होती. छताला आरशांचा गोळा, त्याखाली पडद्यावर ‘रक्तातलं सोडियम कमी झाल्यास’. सिअ‍ॅटलहून निघालेलं जहाज व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या समुद्रातून जातं, आणि सगळ्यात जास्त व्याख्यानं नेमकी त्याच दिवशी. वक्ता सांगत होता की सोडियम घाईनं वाढवू नका, मेंदूला इजा होते. त्याच्यामागचे पडदे भिंतीपासून वीतभर सुटायचे आणि परत चिकटायचे. तिसऱ्या रांगेतल्या बाई सोडियम ऐकता ऐकता पांढऱ्या पडत गेल्या.

बोट माझ्या नवऱ्यालाही लागते. लहानपणी कोल्हापूरहून रत्नागिरीला आजोळी जाताना आंबा घाटात तो एसटीच्या खिडकीला चिकटून लिंबू हुंगत बसायचा. आता लिंबाच्या जागी स्कोपोलामिनची, म्हणजे मळमळ थांबवणाऱ्या औषधाची पट्टी आली. कानामागे लावायची, तीन दिवस चालते. लावल्यावर हात साबणानं धुवायचे, हे मी त्याला दोनदा बजावलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो दाढी करून बाहेर आला आणि मी बघतच राहिले. उजव्या डोळ्याची बाहुली डावीच्या दुप्पट. फोनचा टॉर्च मारला, ढिम्म हलली नाही. पापणी पडलेली नाही, डोळा सगळीकडे फिरतोय, डोकं दुखत नाही आणि भूक लागलीय. हेच पेशंटमध्ये बघितलं असतं तर मी शांतपणे विचार केला असता. स्वतःच्या नवऱ्याच्या डोळ्यात बघितलं तेव्हा मनात एकच शब्द आला: अ‍ॅन्युरिझम, म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा. पुढचं बंदर, जुनो, दुपारी येणार होतं.

त्याला तसाच नाश्त्याला नेला. ऑम्लेटच्या रांगेत आदल्या दिवशी बोललेले न्यूरॉलॉजिस्ट ताटली घेऊन उभे. शहरातल्या हॉटेलात परिषद असती तर हे गृहस्थ शेवटची स्लाइड संपताच टॅक्सीत बसून विमानतळावर गेले असते. इथे जातात कुठे! त्यांनी डोळा बघितला, मग कान.

“काल पट्टीला हात लावला होतात?”

रात्री ती सुटल्यासारखी वाटली म्हणून नवऱ्यानं दाबून बसवली होती, आणि त्याच बोटानं उजवी लेन्स काढली होती. हात धुतले का, हे विचारायची गरजच पडली नाही, चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. पट्टीतलं औषध बोटावरून डोळ्यात गेलं आणि बाहुली मोठी झाली, एवढंच.

मग ऑम्लेट गार होईपर्यंत त्यांनी पेपर नॅपकिनवर बाहुली आकसवणारा मज्जातंतू काढून दाखवला. शंका असेल तर पायलोकार्पिनचा, म्हणजे बाहुली आकसवणाऱ्या औषधाचा थेंब टाकायचा. तंतूचा दोष असेल तर बाहुली आकसते. बाहेरून औषध गेलं असेल तर तशीच राहते. हे मी विद्यार्थिदशेत पाठ केलं होतं आणि परीक्षेनंतर विसरले होते. आमच्या टेबलाभोवती आणखी चार डॉक्टर जमले, आणि माझा नवरा टोस्ट खात खात सगळ्यांना डोळा दाखवत होता.

बुफेच्या दारात एक मुलगा ‘हात धुवा, हात धुवा’ असं गाण्यात म्हणत उभा असतो. कारण नोरोव्हायरस, म्हणजे जुलाब-उलट्यांचा विषाणू, त्याला सॅनिटायझरची जेल फारशी पुरत नाही, साबण-पाणीच लागतं. आमच्या परिषदेतले निम्मे लोक जेल चोळून आत शिरत. आम्ही पेशंटना काय सांगतो ते सोडा.

ग्लेशियर बेमध्ये नॅशनल पार्कचे रेंजर जहाजावर चढून लाउडस्पीकरवरून माहिती सांगतात. तेव्हा खाली मधुमेहावर व्याख्यान चालू होतं आणि मी वर बर्फ बघत उभी होते. प्रत्यक्ष बसला असाल तेवढेच तास मागा, असं फॉर्मवर लिहिलेलं असतं. मी तेरा लिहिले. त्या दिवसाच्या प्रत्येक फोटोत नवरा काळ्या चष्म्यात आहे, ढगाळ हवेतसुद्धा.

केचिकन हे अलास्कातलं बंदर सोडल्यावर पुन्हा उघडा समुद्र, म्हणून नवी पट्टी. या वेळी डाव्या कानामागे. मी बेसिनशी उभी राहून त्याचे हात धुवून घेतले, नखांखालीसुद्धा. तो म्हणाला, “याचे किती क्रेडिट?”