जोडीदारासाठी छोटं रिव्हॉल्व्हर निवडताना

"हात लहान आहे, सगळ्यात हलकं घ्या" हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तोच पुढे नडतो. स्मिथ अँड वेसन ६४२ जेमतेम ४१० ग्रॅमचं. खिशात जाणवतही नाही, पण .३८ स्पेशलचं काडतूस उडालं की सगळा धक्का अंगठ्याच्या बेचक्यात बसतो. मग सरावच नकोसा होतो. त्याच घडणीचं पोलादी ६४० सुमारे २०० ग्रॅमने जड आहे. कमरेला होल्स्टर लावणार असाल तर तेच बरं. हलकंच हवं असेल तर १४८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) वॉडकटर, म्हणजे सपाट तोंडाच्या गोळीची काडतुसं वापरा, धक्का बराच कमी होतो.

खरी अडचण चापाची. तो ओढायला ५ किलोच्या आसपास जोर लागतो. दुकानात सिलिंडर रिकामं असल्याची दोघांनी खात्री करा, सुरक्षित दिशेला धरा आणि जोडीदाराला सलग १० वेळा चाप ओढू द्या. पुढची माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) हलत असेल तर रुगर एलसीआर हे रिव्हॉल्व्हर बघा, त्याचा चाप बराच मऊ आहे. स्प्रिंग बदलून चाप हलका करू नका. घोड्याचा, म्हणजे काडतूस पेटवणाऱ्या हातोडीचा, ठोका कमी पडून काडतूस फुसकं जातं.

उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या काढताना नळी आभाळाकडेच हवी. नाहीतर न जळलेली दारू एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली अडकते आणि सिलिंडर फिरत नाही.

आणि निवड जोडीदारालाच करू द्या.