दुसऱ्या नमुन्यामागे धावताना

2018 च्या पावसाळ्यात नागपुरात आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफस या तापाचे पेशंट एकामागून एक येऊ लागले, काही दगावलेही. डेंग्यू निघत नाही, मलेरिया निघत नाही, आणि प्लेटलेट्स मात्र घसरत चाललेल्या, असं चित्र असायचं. पीएचडीसाठी मी हाच विषय घेतला. प्रवेश परीक्षा, सिनॉप्सिस, गाइडच्या सह्या यांत जो वेळ जातो तो सगळ्यांचाच जातो, त्याबद्दल फार लिहीत नाही. खरी परीक्षा पुढे होती.

या आजाराचा जिवाणू, ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी, पेशीच्या आतच वाढतो. नेहमीच्या ब्लड कल्चरमध्ये तो सापडत नाही. गवता-झुडपांत राहणाऱ्या माइट या बारीक किड्याची इवलीशी अळी चावते आणि साधारण 6 ते 21 दिवसांत ताप चढतो. चावल्या जागी कधी कधी काळी खपली धरते, सिगारेटचा चटका बसावा तशी. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून पेशंटलाही तिचा पत्ता नसतो. काखेत, जांघेत, कानामागे, करदोड्याखाली किंवा परकराची नाडी बांधतात तिथे ती दडलेली असते. वॉर्डातल्या सिस्टरनी मला ती शोधायला शिकवलं: आधी पडदा ओढायचा, मग परवानगी मागायची आणि उजेडात अंगभर नीट बघायचं. माझ्या मते हे शिक्षण कुठल्याही कोर्सइतकंच मोलाचं आहे.

पण खपली प्रत्येकाला नसते. मग रक्तावर भिस्त. आजारपणातला एक नमुना आणि दोन-तीन आठवड्यांनी दुसरा. दुसऱ्यात प्रतिपिंडं, म्हणजे जिवाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं, चौपट वाढली असतील तर निदान पक्कं. अडचण अशी की डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक वेळेत सुरू झालं की बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. माणूस घरी जातो, सोयाबीन काढणीला लागतो. रक्त द्यायला भाडं खर्चून आणि मजुरी बुडवून तो परत नागपूरला का येईल? पेशंट तर छिंदवाडा, भंडारा, काटोल अशा चहूकडून आलेले.

म्हणून आम्हीच गावोगाव जायचं ठरवलं. त्यासाठी एथिक्स कमिटीकडे सुधारित प्रोटोकॉल पाठवला. कमिटीने बारकाईनं विचारलं: घरी गेल्यावर शेजाऱ्यांना आजार कळणार नाही याची काय काळजी घ्याल? ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या अंगठ्यासोबत तटस्थ साक्षीदार कोण? संमतीपत्र मराठी आणि हिंदी दोन्हींत पुन्हा लिहून काढलं. वेळ गेला, पण ते प्रश्न रास्त होते.

काटोलकडच्या एका गावात आशाताईंसोबत गेलो. आजी अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "बरी झाली ना मी आता, मंग रक्त कायले पायजे वं बाई?" मी म्हटलं, "आजी, तुमचं शरीर तापाशी कसं लढलं ते या रक्तात दिसते. पुढच्या पेशंटले त्याचा उपयोग होईल." थोडा विचार करून त्यांनी हात पुढे केला. बोलता बोलता सांगितलं की ताप यायच्या आधी त्या रोज धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बकऱ्यांसाठी गवत कापत होत्या आणि तिथे उंदरांची बिळंच बिळं आहेत. केसपेपरवर फक्त 'शेतमजूर' लिहिलेलं होतं. तेव्हापासून आमच्या फॉर्ममध्ये गवत, धुरा, बिळं, जमिनीवर बसणं-झोपणं यांचे वेगळे रकाने आले.

ऑक्टोबरच्या उन्हात बर्फाच्या पेटीतून ट्यूब आणायच्या, संध्याकाळपर्यंत सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, वेगळं करून उणे 80 अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवायचं. परतायला उशीर झाला की लॅब अटेंडंट दादा रक्त गरगर फिरवून सीरम वेगळं करणारं सेंट्रीफ्यूज तयार ठेवून थांबायचे. पुढे पेपर पाठवला तेव्हा परीक्षकांचा पहिला प्रश्न हाच होता: जोडनमुने, म्हणजे दोन्ही वेळचं रक्त, किती जणांचे आहेत? उत्तर देताना मला अडखळावं लागलं नाही.

आता काम उंदरांकडे आणि त्यांच्या कानांतल्या माइटच्या अळ्यांकडे वळलंय. त्यासाठी प्राण्यांच्या एथिक्स कमिटीची परवानगी वेगळी लागते. या क्षेत्रात येणाऱ्या मुला-मुलींना मी एवढंच सांगते की प्रस्तावाच्या बजेटमध्ये तपासणीच्या किटच्या किमतीआधी गाडीभाडं, बर्फाची पेटी आणि आशाताईंचं मानधन लिहा. किट नंतरही मागवता येतात, दुसऱ्या नमुन्याचे दिवस मात्र निघून जातात.