व्हिक्टोरियाची जात ओळखायची तर आधी कळी बघा

व्हिक्टोरिया म्हणजे महाकाय पानांचं पाणकमळ. तळ्यात दीड-दोन मीटरची, परातीसारखे काठ उभे असलेली पानं दिसली की शेजारची पाटी वाचून ‘व्हिक्टोरिया अमेझोनिका’ म्हणून मोकळं होऊ नये. पाटीवर ‘व्हिक्टोरिया रेजिया’ असेल तर ते 1837 सालचं जुनं नाव आहे, त्यावरून जात ठरत नाही. आज व्हिक्टोरियाच्या तीन जाती मानतात : अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली अमेझोनिका, पाराना-पॅराग्वे नद्यांच्या खोऱ्यातली क्रुझियाना आणि 2022 मध्ये वेगळी केलेली बोलिव्हियाना. शिवाय बागांमध्ये संकर भरपूर आहेत. अमेरिकेतल्या लाँगवुड गार्डन्समध्ये 1961 साली क्रुझियानावर अमेझोनिकाचा पराग घेऊन केलेला संकर त्यात सर्वात प्रसिद्ध.

सर्वात आधी मखाना वगळा. बिहारच्या तळ्यांत लावतात तो मखानाही मोठ्या गोल पानांचा आणि काटेरी असतो. पण त्याच्या पानाला उभा काठ नसतो, पानाच्या वरच्या बाजूलाही काटे असतात आणि फूल लहान, जांभळट असतं. व्हिक्टोरियाचे काटे पानाच्या खालच्या बाजूला आणि देठावर असतात, वरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो.

आता कळी. पहिल्यांदा उमलणारी कळी दुपारी पाण्याच्या वर आलेली असते, तेव्हाच तपासावी. जाड चामडी हातमोजे घाला, रबरी मोजे या काट्यांपुढे टिकत नाहीत. कळीला बाहेरून चार निदलं, म्हणजे पाकळ्यांना झाकणारी आवरणं, असतात. त्यांच्या पाठीवर बुडापासून जवळजवळ टोकापर्यंत दाट काटे असतील तर अमेझोनिका. काटे फक्त बुडाशी असतील किंवा पाठ जवळपास साफ असेल तर क्रुझियानाकडे कल. काटे अर्ध्यावर येऊन विरळ होत असतील तर संकराचा संशय घ्या. इथे हमखास होणारी चूक म्हणजे निदलांखालच्या फुगीर किंजपुटावरचे (पुढे फळ होतं त्या भागावरचे) आणि देठावरचे काटे हिशेबात धरणं. ते धरायचे नाहीत.

फुलाच्या रंगावर मात्र अजिबात जाऊ नका. एकच फूल पहिल्या रात्री पांढरं, ऊबदार आणि सुवासिक असतं. त्या रात्री ते मादी अवस्थेत असतं आणि आत शिरलेले भुंगेरे पाकळ्या मिटल्यावर अडकतात. दुसऱ्या रात्री तेच फूल गुलाबी होऊन पराग सोडतं, मग पाण्याखाली जातं. त्यामुळे ‘पांढरी जात’ आणि ‘गुलाबी जात’ असे दोन फोटो बऱ्याचदा एकाच वेलीचे निघतात.

पानांची साक्ष दुय्यम, तरी उपयोगी. अमेझोनिकाचा काठ साधारण बुटका आणि पानाची खालची बाजू तांबूस-जांभळी. क्रुझियानाचा काठ उंच, 20 सेंटिमीटरपर्यंत जातो आणि खालच्या बाजूला मऊ लव दाट असते. मोजताना पूर्ण वाढलेलं पान निवडा. काठावर समोरासमोर दोन खाचा असतात, त्यांतून पावसाचं पाणी निघून जातं. काठाची उंची त्या खाचांपाशी घेऊ नका. व्यास देठाच्या जोडावरून सरळ टेप लावून घ्या. कोवळ्या रोपाची पानं आधी सुईसारखी, मग बाणाच्या आकाराची, मग सपाट गोल येतात. त्यांना काठच नसतो, तेव्हा त्या वयात जात सांगणं म्हणजे अंदाजपंचे. कुंडी लहान, खत कमी किंवा पाणी थंड असेल तर अमेझोनिकाचंही पान मीटरभरावर अडतं. म्हणून ‘पान लहान, म्हणजे क्रुझियाना’ हे चूक. पानावर मूल बसवलेला फोटो तर ओळखीच्या कामी काडीचाही येत नाही.

बोलिव्हियानाचं प्रकरण अवघड आहे. तिचे वाळवलेले नमुने लंडनच्या क्यू उद्यानात 177 वर्षं होते, अमेझोनिका समजून. बोलिव्हियात तिचं पान 3.2 मीटरपर्यंत मोजलेलं आहे. पण निदलं बरीचशी साफ असल्यामुळे बागेत ती क्रुझियानात सहज खपते. फळाच्या प्रत्येक कप्प्यात तिची बीजांडं (ज्यांचं पुढे बी होतं) कमी असतात, म्हणून फळ आडवं कापून मोजणं हा जास्त भरवशाचा मार्ग. बी कुठून आलं हे कळत नसेल आणि फळही हाती नसेल, तर नोंदीत नुसतं ‘व्हिक्टोरिया’ लिहावं. त्यात कमीपणा नाही.

बियांवरून आणखी एक सुगावा मिळतो. क्रुझियानाचं बी थोड्या थंड, 20-25 अंश पाण्यातही रुजतं. अमेझोनिकाला 30 अंशांच्या आसपास ऊब हवी. ही चाचणी घ्यायची असेल तर बी पाण्यातच साठवलेलं हवं. एकदा सुकलं की ते मरतं, आणि मग न रुजण्याचा दोष तापमानावर जातो.

फोटो पाठवून कुणाला विचारायचं असेल तर चार हवेत : पट्टी ठेवून कळीची बाजू, काठ बाजूने, उलटलेल्या पानाची खालची बाजू, आणि कापलेलं फळ. वरून काढलेल्या आख्ख्या तळ्याच्या फोटोवरून कुणी छातीठोकपणे नाव सांगितलं, तर त्यावर विसंबू नका.