सिसरेसवर स्वतःचं सामान ठेवू नका

झेड/ओएसला, म्हणजे आयबीएम मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमला, मेन्टेनन्स लावायचा तर चालू सिसरेसला, म्हणजे सिस्टिम जिच्यावरून सुरू होते त्या डिस्क व्हॉल्यूमला, हातच लावायचा नाही, आधी त्याची कॉपी काढायची, अप्लाय चेक (प्रत्यक्ष न लावता घेतलेली चाचणी) मारून होल्डडेटा (दुरुस्त्यांसोबतचे इशारे-सूचना) नीट वाचायचा, मग एसएमपी/ई या आयबीएमच्या टूलने पीटीएफ (दुरुस्त्या) त्या कॉपीवर लावायचे आणि रविवारी पहाटे तिच्यावरून आयपीएल (म्हणजे सिस्टिम नव्याने सुरू करणं), काही बिनसलंच तर जुन्या व्हॉल्यूमवरून परत आयपीएल, विषय संपला. पण हे जमतं कधी, तर कॅटलॉगमध्ये, म्हणजे कुठली फाइल कुठल्या व्हॉल्यूमवर आहे त्या यादीत, व्हॉल्यूमच्या नावाच्या जागी सहा स्टार (म्हणजे 'ज्यावरून आयपीएल झालं तो व्हॉल्यूम') असतील तर. झेडएफएसचं (युनिक्स बाजूच्या फाइल सिस्टिमचं) रूट पण सोबत कॉपी करा बरं का, लोक नेमकं तेच विसरतात. जागेचं म्हणाल तर ३३९० डिस्कचं मॉडेल ३ म्हणजे जेमतेम ३३३९ सिलिंडर (डिस्कवरच्या जागेचं माप), त्यात आता काय मावतंय, सरळ मॉडेल २७ घ्या. मास्टर कॅटलॉग आणि आपली पार्मलिब (सिस्टिमच्या सेटिंगची लायब्ररी) मात्र दुसऱ्या व्हॉल्यूमवर, नाहीतर कॉपीनंतर केलेले बदल जुन्या सिसरेसवरच राहतात.